परेरा टीचर आणि बर्फाची टाकी

परेरा टीचर वारल्याची बातमी आमच्या कोपरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर पडली आणि पाहता पाहता हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'थोर शिक्षिका हरपल्या.' 'सोसायटीचा आधारवड कोसळला.' हे आधारवडवाले म्हणजे आमचे अध्यक्ष बर्वेकाका. याच बर्वेकाकांनी या आधारवडाला भर सभेत उभं करून माफी मागायला लावली होती. आणि सगळ्यांत मोठा गुलाबांचा गुच्छ कुणी टाकला, तर जिमच्या रोहनने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन पालथा ठेवला. नाहीतर असं काही लिहिलं असतं, की मराठीच्या निवृत्त प्राध्यापिकेला ते शोभलं नसतं.

लिहायचं तर नीट लिहावं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी डोंबिवलीच्या एकाच ज्युनियर कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, त्या जीवशास्त्र. राहायलाही कोपरीत समोरासमोर, एकाच मजल्यावर. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. नाव लुसी, पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं माणूस मी कधी पाहिलं नाही. कॉलेजात टीचर, सोसायटीत टीचर, भाजीवाल्याला टीचर. त्या मात्र जगाला आडनावाने हाक मारत, रोज हजेरी घेतल्यासारखी. "दामले, चहा टाकलाय." "बर्वे, तुमचा नळ गळतोय." आमच्याकडे नवीन बाळ आलं तेव्हा त्याच्या पाळण्यात वाकून त्या म्हणाल्या, "काय दामले, कसं वाटतंय बाहेर?"

बुटक्या, अंगाने भरलेल्या, गुडघ्याखालपर्यंतचा सुती झगा, मनगटावर वडिलांचं जाडजूड पुरुषी घड्याळ. पंखा बारा महिने पाचावर. चहा इतका कढत, की माझी जीभ भाजायची आणि त्यांचा कप रिकामा झालेला असायचा. पर्समध्ये लिपस्टिकच्या जागी थर्मामीटर. कुणी शिंकलं की तो बाहेर.

आणि त्यांचं ते एक वाक्य: "होतं. पण किती?"

त्या वाक्याने त्यांनी आयुष्यभर माणसांना सळो की पळो करून सोडलं. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, की लिंबूपाण्याने वजन उतरतं, की टीचरनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलंच. "उतरत असेल. पण किती?" कारल्याच्या रसाने साखर कमी होते? "होत असेल. किती?" 'सिद्ध झालंय' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारणं म्हणजे शिवी देणं. एकदा चर्चमध्ये नव्या फादरनी प्रवचनात सांगितलं, की उपवासाने शरीर शुद्ध होतं. टीचर बाहेर दारात थांबून राहिल्या आणि म्हणाल्या, "फादर, आत्म्याचं तुम्ही बघा. शरीराचं बोलायचं असेल तर आधी मला विचारत जा." फादर बिचारे तरुण होते. पुढे ते खरंच विचारायला येऊ लागले.

शरीर आणि थंडी हा तर त्यांचा खास विषय. त्याला कारण त्यांचे वडील. ते खाडीकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. मासेमारीच्या होड्यांना तिथून बर्फ जायचा. जन्मभर माणूस लाद्यांच्या सान्निध्यात, आणि पोट मात्र गोल गरगरीत. टीचर वर्गात सांगायच्या, "थंडीने माणूस वाळत असता ना, तर माझा बाप काडी झाला असता. घरी आला की पहिलं वाक्य काय? जेवायला वाढ. आई म्हणायची, कारखान्यात बर्फ उचलतोस की खातोस?" पोरं हसायची. पोरं हसली की टीचर लगेच गंभीर व्हायच्या. "पण एक बाप म्हणजे पुरावा नव्हे. त्याला मासे आवडायचेही. लिहून घ्या: परेरांचा बाप हा पुरावा नाही."

त्यांचा तो तपकिरी चरबीचा तास मी दाराबाहेर उभी राहून ऐकलेला आहे. गळ्याच्या हाडाच्या वर बोट ठेवून त्या सांगायच्या, "पोटावरची चरबी साठवण करते. पण इथे, मानेपाशी, एक थोडीशी वेगळी चरबी असते. तपकिरी. ती साठवत नाही, जाळते आणि ऊब देते. तान्ह्या बाळात ती भरपूर, कारण त्याला नीट कुडकुडता येत नाही. मोठेपणी थोडी उरते. कुणात बऱ्यापैकी, कुणात नावापुरती. थंडी वाजली की ती जागी होते. मग कुडकुडणं सुरू झालं की स्नायूही जाळायला लागतात. आता मला सांगा, म्हणजे थंडीत बसलं की माणूस बारीक होतो?"

अर्धा वर्ग "हो" म्हणायचा. मग प्रात्यक्षिक. निम्म्या पोरांनी बर्फ घातलेल्या बादलीत पाय बुडवून बसायचं, निम्म्यांनी नुसतंच बसायचं. तास संपताना कँटीनमधून बटाटेवड्यांची परात यायची. आणि बादलीवाली पोरं परातीवर अशी तुटून पडायची, की बाकीच्यांच्या वाट्याला चटणी. दिवा स्टेशनहून येणारा एक हडकुळा मुलगा तोंडात वडा कोंबून म्हणाला होता, "टीचर, म्हणजे थंडीचा काहीच उपयोग नाय. फालतूगिरी आहे सगळी."

टीचर त्याच्यावर उखडल्या. "काहीच नाही असं कोण बोललं? थंडीने शरीर जास्त जाळतं हे खरं आहे. भूक ते परत भरून काढते हेही खरं आहे. दोन्हींतून शेवटी उरतं किती, ते माणसागणिक वेगळं, आणि बहुतेक वेळा थोडंच. आणि तू वडे खाल्लेस तो प्रयोग नाही, ती गंमत आहे. प्रयोगाला खूप माणसं लागतात आणि खूप धीर लागतो. बस खाली."

प्राचार्यांनी वड्यांवरून खुलासा मागवला होता. टीचरनी उत्तर दिलं, की वडे मी माझ्या पैशाने आणले आणि भूक मुलांनी स्वतःची आणली होती.

असं हे माणूस. खोटं सहन होत नसे, आणि आपल्या बाजूचं खोटं तर मुळीच नाही. आता माझ्यासारखीला कधी कधी वाटे, की थोडं कमी-जास्त बोललं तर काय बिघडतं? पण त्यांच्यापुढे ते बोलायची सोय नव्हती.

आता त्या टाकीबद्दल.

आमच्या सोसायटीची गणपती विसर्जनाची फायबरची टाकी आहे. भाद्रपदात ती अंगणात मांडतात, फुलांनी सजवतात, आणि उरलेलं वर्ष ती पंपाच्या खोलीमागे पालथी पडलेली असते. गेल्या हिवाळ्यात रोहनची नजर तिच्यावर गेली. रोहन हा आमच्या सोसायटीच्या जिमचा शिक्षक. पोरगा तसा वाईट नाही. म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर नेऊन देतो. मला राग येतो तो याचाच जास्त, की वाईट नसलेली माणसं डोळे मिटून वाटेल ते विकतात. त्याने मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी लोकांना बर्फात बसलेलं पाहिलं आणि जिमच्या दारावर फलक लावला: 'बर्फस्नान शिबिर. थंडीने चरबी वितळवा.'

टाकीवरून सभा बोलावली गेली. मला वाटलं, चला, कुणीतरी विचारेल की बाबा रे, चरबी खरंच वितळते का. छे! सगळी सभा एकाच गोष्टीवर पेटली: ज्या टाकीत बाप्पाचं विसर्जन होतं त्या टाकीत माणसांनी उघड्या अंगाने बसायचं का? बर्वेकाका लाल झाले, कुणी संस्कृतीवर बोललं, कुणी स्वच्छतेवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. शेवटी तडजोड निघाली, आणि ती ऐकून मी कपाळावर हात मारला. टाकीत आधी प्लास्टिकचा जाड कागद अंथरायचा. म्हणजे माणसं बसणार ती प्लास्टिकमध्ये, टाकीत नव्हे. पाणी टाकीला लागणारच नाही! आणि शिबिर झालं की गंगाजळ शिंपडायचं. सगळ्यांचं समाधान झालं.

तेव्हा टीचर उठल्या. "झालं तुमचं? मग रोहन, मला सांग. थंडीने चरबी वितळते असं तू लिहिलंयस."

"हो टीचर. प्रूव्हन आहे ते. बॉडी थंडीत फॅट बर्न करते."

"करते. पण किती?"

"म्हणजे... करते ना पण!"

"मी विचारलं किती. आणि बाहेर आल्यावर भूक किती वाढते? आणि दोन महिन्यांनी काटा कुठे असतो?"

मागून कुणीतरी ओरडलं, "टीचर, तुम्हीच पहिला नंबर लावा, म्हणजे कळेल!" आणि सगळी सभा हसली. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या अंगावरून विनोद, आणि हसणाऱ्यांत त्यांचे चार जुने विद्यार्थी! मला त्या खुर्च्या उचलून फेकाव्याशा वाटल्या. टीचर मात्र हसणं संपेपर्यंत थांबल्या. "हसून झालं? आता उत्तर द्या."

बर्वेकाका समजुतीच्या सुरात म्हणाले, "टीचर, आता निर्णय झालाय. आणि हा तसा आमच्या श्रद्धेचा विषय आहे, तुम्ही यात नका..."

टीचरचा तोल गेला की प्रमाण मराठी सुटायची आणि आईची बोली वर यायची. "मना नको शिकवू, बर्वे! मी तुझ्या देवाचा कधी बोलले? फलकावर खोटं लिहिलंय, त्याचा बोलतेय!" आणि त्या तरातरा निघून गेल्या. त्यांच्या पाठीमागे शिबिर एकमताने मंजूर झालं.

टीचर एवढ्या का पेटल्या होत्या ते मला जिना चढताना कळलं. शिबिरात नाव घातलेल्यांत सायली होती.

सायली पवार आमच्या वरच्या मजल्यावरची. कबड्डी खेळते. दंड भक्कम, मांड्या भक्कम, आवाज भक्कम. पाण्याचा भरलेला ड्रम एकटीने सरकवणारी पोर. टीचरची ती लाडकी, कारण लहानपणी तिनेच एकटीने त्यांना उलट विचारलं होतं, "टीचर, तुम्हाला कसं माहीत?" तिचं लग्न ठरत होतं. स्थळ कल्याणचं, मुलगा बरा, घर मोठं. मुलाच्या आईने पहिल्याच भेटीत सायलीला वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "बाकी सगळं छान आहे. लग्नापर्यंत थोडी उतरव म्हणजे झालं." जणू काही कढईच चुलीवरून उतरवायची होती!

आणि पवारवहिनींनी, त्या पोरीच्या सख्ख्या आईने, दुसऱ्या दिवसापासून तिची भाकरी बंद केली. काकडी, पातळ ताक आणि सकाळ-संध्याकाळ वजनकाटा. ज्या पोरीला एकही आजार नाही, जी मैदानावर तिघींना ओढत रेषेपर्यंत नेते, तिला तीन महिने उपाशी मारायचं चाललं होतं. त्यात आता बर्फ.

सभेनंतर टीचर पवारांकडे गेल्या. मी सोबत होते. त्या म्हणाल्या, "पवार, तुमची मुलगी निरोगी आहे. तिच्या अंगात काय जास्त आहे ते मला दाखवा."

पवारवहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "टीचर, तुमचं लग्न नाही झालं, तुम्हाला नाही कळायचं. हे स्थळ गेलं तर दुसरं आणू कुठून?"

टीचर उठल्या. जिन्यात त्या मला म्हणाल्या, "दामले, माझं लग्न झालं नाही म्हणून मला थंडीत शरीराचं काय होतं ते कळत नाही. ऐकलंस?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

शिबिर रविवारी सकाळी झालं. अंगणात टाकी, टाकीत प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये पाणी आणि मासळी बाजारातून आणलेल्या लाद्या फोडून टाकलेल्या. बाजूला भोंगा. आणि टाकीपासून चार पावलांवर काय होतं? मिसळीचा स्टॉल! शेवेचं ताट, पावांच्या लाद्या, शेवटी जिलबी. पुरुष मंडळी जेमतेम बुडून हुडहुडत बाहेर यायची आणि थेट तर्रीवर. मिसळीचं पातेलं दोनदा भरून आणावं लागलं. टीचर जिन्याच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. "दामले," त्या म्हणाल्या, "वडे परवडले असते."

मग सायलीचा नंबर आला. रोहनने भोंग्यावर जाहीर केलं, की जो सर्वांत जास्त वेळ बसेल तो विजेता. खेळाडू पोर ती. तिला स्पर्धा म्हटलं की पुढचं काही दिसत नाही. बाकीचे उठले, ती बसून राहिली. लोक टाळ्या वाजवायला लागले. "सायली! सायली!" आई बाजूला उभी, चेहऱ्यावर समाधान, की आता तरी उतरेल. आदल्या दिवसापासून पोरीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, हे त्या आईला माहीत होतं.

टीचर पायऱ्या उतरून गर्दीत घुसल्या. "बाहेर काढा तिला!"

"टीचर, अजून थोडंच!" रोहन म्हणाला. "ती एकदम ओके आहे, बघा ना, कुडकुडत पण नाय आता."

"म्हणूनच काढ, मूर्खा! कुडकुडणं थांबलं म्हणजे शरीर हरलं!"

तेवढ्यात सायली आपणहून उठली, बाहेर आली, हात वर केले, टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी तिच्या हातात चहाचा कप दिला. तो तिच्या बोटांतून निसटला. ती काहीतरी बोलली, पण दारू प्यायलेल्या माणसासारखं, शब्दाला शब्द चिकटलेला. आणि गुडघ्यांत दुमडून खाली गेली.

मग एकच गलका. कुणी म्हणालं हातपाय चोळा, कुणी म्हणालं गरम पाणी ओता, एकाने कांदा आणला. टीचर तिच्यापाशी जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांचा तो वर्गातला आवाज अंगणभर घुमला. "कुणी चोळायचं नाही! गरम पाणी नको! दामले, ओले कपडे काढ, आडोसा धर. बर्वे, वरून गोधड्या. तिला उभी करू नका, आडवीच राहू दे. रोहन, रडू नकोस, गाडी बोलाव." आणि मला नवल वाटलं, की सगळ्यांनी निमूट ऐकलं. बर्वेकाका तर धावत गेले आणि स्वतःची दुलई घेऊन आले.

सायली वाचली. एक रात्र दवाखान्यात ठेवून डॉक्टरांनी सोडलं. फार वेळ थंडीत, तेही उपाशी पोटी, एवढंच कारण. बाकी मुलगी ठणठणीत.

आता या गोष्टीत लाज कुणाला वाटायला हवी? रोहनला, समितीला, आईला, टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना. पण आठवड्याभरात सोसायटीत भलतंच सुरू झालं. टीचरनी आरडाओरडा करून तमाशा केला. टीचरनी गाडी बोलावली म्हणून बातमी बाहेर गेली. कल्याणला कुणीतरी कळवलं, की मुलीला फिट येते, आणि कल्याणहून निरोप आला, की आम्हाला विचार करावा लागेल. पवारवहिनी जिन्यात टीचरच्या तोंडावर म्हणाल्या, "माझ्या पोरीचं लग्न मोडलंत तुम्ही." चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि समितीने ठरवलं, की टीचरनी सभेत माफी मागावी, म्हणजे विषय मिटेल.

मी म्हणाले, जाऊ नका. टीचर गेल्या. घड्याळ लावून, झग्याला इस्त्री करून. बर्वेकाकांनी खाकरून सांगितलं, "टीचर, दोन शब्द बोला, म्हणजे झालं."

त्या उभ्या राहिल्या. "मी माफी मागते. सायलीची. त्या सभेत मी 'किती, किती' विचारत बसले. मला वाटलं, विचारलं की माणसं विचार करतात. मी त्या टाकीत जाऊन उभी राहायला हवं होतं, म्हणजे तुम्हाला पाणी भरता आलं नसतं." आणि बसल्या. सभेने ती माफी म्हणून लिहून घेतली. मी तिथे होते म्हणून सांगते, एकाचीही मान वर नव्हती. पण तरी लिहून घेतलीच.

त्यानंतर सायली एकदा टीचरकडे आली. मी तिथेच होते. कल्याणवाल्यांची डॉक्टरांशी बोलून खात्री पटली होती आणि ते पुन्हा येणार होते. पोर खुर्चीच्या कडेवर बसली. "टीचर, एक विचारू? खरं सांगाल? मी ते बर्फाचं नीट केलं असतं, म्हणजे थोडा थोडा वेळ, रोज, दोन-तीन महिने... तर उतरलं असतं का?"

मी मनात म्हटलं, टीचर, नाही म्हणा. एकच शब्द. नाही म्हटलंत की ही पोर सुटली.

टीचर म्हणाल्या, "थोडं उतरलं असतं, कदाचित. किती, ते मला माहीत नाही. तुला भूक किती लागली असती त्यावर होतं. कदाचित काहीच नाही. पण थोडं उतरू शकतं, हे खरं आहे."

सायली "बरं" म्हणाली आणि गेली.

मी टीचरवर तुटून पडले. आयुष्यात त्यांच्याशी एवढी कधी भांडले नव्हते. "काय अडलं होतं खरं बोलायचं? आता ती परत जाऊन बसेल बर्फात! एका पोरीच्या जिवापेक्षा तुमचं ते 'किती' मोठं आहे का?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "दामले, मी तिला नाही म्हटलं असतं, आणि उद्या तिने कुठे वाचलं की होतं, तर? मग रोहन खरा आणि मी खोटी. उतरतं का, एवढंच मला विचारलं तिने. उतरवायचं का, ते मी कोण सांगणार?" माझा राग गेला नाही. मी त्यांचा चहा न पिताच उठून आले.

दुसऱ्या आठवड्यात कल्याणची मंडळी आली. टीचरना बोलावणं नव्हतं. मला पवारवहिनींनी पोहे करायला मदतीला बोलावलं होतं, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात होते. सगळं गोड गोड चाललं होतं. मुलगा खाली मान घालून बसलेला. त्याची आई पोह्यांची बशी संपवून म्हणाली, "झालं ते झालं. आता तब्येत सुधारली ना? मग बेताबेताने परत सुरू कर. बर्फ नको तर दुसरं काही. अजून दोन महिने आहेत."

पवारवहिनी घाईघाईने म्हणाल्या, "हो हो, करेल ना."

सायली भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "काकू, उतरवता येईल. म्हणजे बर्फाने पण थोडं उतरतं कदाचित, मी विचारून घेतलंय. जमणार नाही असं नाही. पण मला नाय उतरवायचं. मी बरी आहे."

मुलाने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पण आईने डोळे वटारल्यावर पुन्हा खाली घातली. मंडळी उठली. चपला घातल्या गेल्या. आणि दार लागल्याबरोबर पवारवहिनींचा जो तोंडाचा पट्टा सुरू झाला तो तीन मजले ऐकू गेला असणार. घोडी, माजलीस, तुझ्या बापाच्या जिवाला घोर. मी मध्ये पडले, पण मला कोण विचारतो? सायली दार उघडून बाहेर पडली. मी तिच्या मागे जिना उतरले.

त्याच दिवशी मी रात्रीच्या गाडीने मुलीकडे नागपूरला गेले, तिच्या बाळंतपणासाठी. परत आले तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं. टीचरचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि भाची त्यांना वसईला घेऊन गेली होती. म्हणून त्या दिवशी जिन्यात मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

त्यांचं दार उघडं होतं. वरचं सगळं त्यांनी ऐकलं असणार, न ऐकून करतात काय. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हात ओले, झग्याला पुसत. सायली त्यांच्यासमोर येऊन थांबली. ती रडणार हे दिसत होतं. मला वाटलं, आता टीचर तिला शाबासकी देतील, जवळ घेतील, काहीतरी मोठं बोलतील.

त्यांनी विचारलं, "जेवलीस?"

सायलीने मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

यावर ती पोर जी रडायला लागली ती थांबेना. टीचरनी तिला दंडाला धरून आत नेलं, टेबलाशी बसवलं आणि तांदळाची गरम भाकरी तिच्या ताटात टाकली, वर कालवण ओतलं. सायली रडत रडत खाऊ लागली. पहिली भाकरी गेली, दुसरी गेली. टीचर तव्याशी उभ्या राहून तिसरी थापत होत्या. मी दारातच उभी होते.

टीचरनी मागे वळून पाहिलं. "दामले, बघत काय उभी राहिलीस? दार ओढून घे. खाऊ दे तिला."

मी दार ओढून घेतलं.